खोल पाण्यातला फ्रिजचा गॅस

पोर्ट लुई बंदर, मॉरिशस
१८ डिसेंबर २०२४

प्रिय पप्पा,

तुम्हाला आणि मम्मीला नमस्कार. मी ठणठणीत आहे. संशोधनाच्या या जहाजावरची डाळ सोडली तर कशाचीच तक्रार नाही.

फोनवर तुम्ही ‘हां का ना, एकच सांग’ म्हणालात, पण माझं उत्तर एका शब्दात मावणारं नाही, म्हणून हे पत्र. सारंगखेड्याचे पाहुणे यात्रेतले घोडे बघून मोकळे झाले की मला बघायला येणार! वा रे वा! उत्तर देते, पण आधी माझा पराक्रम ऐका.

तुम्ही शहाद्याच्या दुकानात वर्षानुवर्षं फ्रिज उघडून फुस्स करून जो जुना गॅस सोडलात ना, त्यावरच माझं पोट चालतं; समुद्राच्या पाण्यात तो मोजणं हेच माझं काम. तसला जगभरचा गॅस हवेत गेला, हवेतून समुद्राच्या वरच्या पाण्यात मुरला. ते पाणी खोल बुडालं की गॅसही सोबत जातो. कोणत्या साली हवेत तो किती होता हे ठाऊक असल्यामुळे, पाणी शेवटचं वर कधी होतं ते कळतं. हेच त्याचं वय.

गेल्या आठवड्यात मात्र गंमतच झाली. अडीच हजार मीटर खालच्या पाण्यात या गॅसचा मागमूसही नसायला हवा, आणि आमचं यंत्र म्हणे हे पाणी काल-परवाचं! सगळे यंत्र खोलून बसले. मोहीम अर्धवट सोडायची भाषा सुरू झाली. मी मात्र नाक खुपसत प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडच्या कोठीत गेले. तिथे जुनाट डीप फ्रीझर! नळीच्या सांध्याला साबणाचा फेस लावला, तुम्ही लावता तसा. टपोरे बुडबुडे आले! त्याचाच जुना गॅस गळून आमच्या नमुन्यांत शिरत होता. फ्रीझर बंद करून कोठी नि प्रयोगशाळा मोकळ्या हवेवर ठेवली, नवे नमुने घेतले, तर पाणी पुन्हा म्हातारं! आमच्या मोहीमप्रमुख मॅडमनी मला मिठीच मारली.

तुम्ही गुडघ्याला पट्टा लावत नाही, असं रिषभ सांगत होता. लावा हो. आणि परवा पत्र्यावर चढून एसी बसवलात म्हणे, हेही रिषभच म्हणाला. मम्मीने केलेले मेथीचे लाडू तुम्ही लपवून खाता, तेही.

तुमच्या लक्षात आलंच असेल. पारसमलशेठच्या स्पेअर पार्टच्या दुकानातला पोरगा मला रोज तुमच्या बातम्या का देतो? पप्पा, आमचं जमून दोन वर्षं झाली. ते जैन, आपण गुजर, म्हणून मी सांगायला घाबरत होते. पण ‘पोऱ्या गुणी शे’ असं तुम्हीच कितीदा म्हणालात. मला तो फार आवडतो. लग्न करीन तर त्याच्याशीच, आणि तेही तुमच्या हातून. सारंगखेड्याला ‘नाही’ म्हणून कळवा.

हे पत्र मी त्याच्याच पत्त्यावर टाकतेय. तुमच्या हातात देऊन तो पळून जाणार नाही, आपल्या दुकानाच्या पायरीशी उभा असेल, घामाघूम. रागवायचं तर माझ्यावर रागवा.

पण आधी त्याला आत बोलवून बसायला सांगा ना, पप्पा.

तुमचीच,
नूतन