मेंढरं परत येईपर्यंत

प्रिय सुग्रीव,

आशीर्वाद शेवटी देते, आधी भांडून घेते. फोनवरच भांडले असते, पण तू "अक्का, मीटिंगमध्ये आहे" म्हणून फोन ठेवतोस आणि माझा राग तव्यावर तसाच राहतो. पत्र मध्येच ठेवून दिलंस तरी उरलेला मजकूर कुठं पळून जात नाही. घरी तसं ठीक आहे. आबांचा गुडघा दुखतो, पण मेंढरं घेऊन निघायचा विषय काढला की दुखायचा थांबतो. दिवाळी झाली, बिऱ्हाड बांधायला सुरुवात झाली आहे, घोड्याला नवी नाल ठोकून आणली. माय बरी आहे. तुझ्याबद्दल सध्या ती काही बोलत नाही. का बोलत नाही ते पुढं लिहीन, आत्ता लिहायला गेले तर बाकीचं राहून जाईल.

अंबडला तुझा सत्कार झाला तेव्हा मी आणि तुझे दाजी अगदी पुढं बसलो होतो. आपल्या समाजातला पोरगा नायब तहसीलदार झाला, खांद्यावर घोंगडी टाकली, डोक्यावर फेटा चढवला. शेजारच्या बाईला मी न विचारता सांगितलं, की हा माझा धाकटा भाऊ आहे. मग तू माईक हातात घेतलास. म्हणालास, माझ्या यशाचं गुपित एकच आहे, परीक्षेत येतं तेवढंच वाचा, अवांतर पुस्तकाचं एक पान मी आयुष्यात उलटलं नाही. सगळा मंडप टाळ्यांनी दणाणला. टाळीसाठी उचललेले माझे हात मी मांडीवर ठेवून दिले. दाजींनी विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, काही नाही, गरम होतंय.

तुला वाटलं असेल, भाषणात माणूस काहीबाही बोलतो, कोण लक्षात ठेवतं. सुग्रीव, साहेब झालास ना तू. साहेबाचं बोलणं लोक लक्षात ठेवतात. पोरांनी त्याचा व्हिडिओ केला, तो घनसावंगीपासून बदनापूरपर्यंत फिरला. आठ दिवसांत आपल्या वाचनालयाच्या भिंतीवर फ्लेक्स लागला. फेट्यातला तू, आणि खाली मोठ्या अक्षरांत, परीक्षेत येतं तेवढंच वाचा. ज्या भिंतीला टेकून तू दुपारदुपार वाचत बसायचास, त्याच भिंतीवर. मी रोज सकाळी कुलूप उघडताना तुझं तोंड बघते आणि माझा दिवस तिथूनच बिघडतो.

मग वाचनालयाच्या कमिटीची बैठक झाली. वाचनालय पाडायचं नाही, तिथं अभ्यासिका करायची असं ठरलं. भिंतीला लागून टेबलं, प्रत्येक टेबलाला फळीचा आडोसा, आणि कपाटात फक्त स्पर्धा परीक्षेची गाईडं. बाकीची पुस्तकं रद्दीत. टेम्पोवाल्याला सांगूनही झालं होतं. अध्यक्ष आपले रामकिसन काका. ते मनानं वाईट नाहीत, हे मला माहीत आहे. इतकी वर्षं आपली मेंढरं खतासाठी त्यांच्या रानात बसली, मायला त्यांनी कधी रिकाम्या हाती पाठवलं नाही. पण बैठकीत म्हणाले, "रेणू, पोरायला नोकऱ्या लागल्या पायजेत. ह्या पाखराच्या अन् चांदण्याच्या पुस्तकावर कोण नोकरी देऊन राह्यलंय?" मी म्हटलं, काका, गाईडं आणा ना, पाहिजे तर आणखी एक कपाट आणा, माझी ना नाही. ही पुस्तकं कुणाच्या पायात येतात? तर म्हणाले, "जागा न्हाई. आन तुझ्या भावानंच सांगितलंय की माईकवर. तू काय त्याच्यापेक्षा जास्ती शिकली का?" सगळे हसले. माझ्या भावानं मला बोलायला जागाच ठेवली नव्हती.

तू विसरला असशील तर आठवण करून देते. हे वाचनालय काही सरकारनं दिलेलं नाही. दवाखान्यातल्या सगुणाबाई नर्सनी ते सुरू केलं. डोस द्यायला वस्त्या-वस्त्यांवर फिरायच्या आणि पिशवीत लशीच्या डब्याशेजारी पुस्तकं ठेवायच्या. पोर सुईला घाबरून रडलं की त्याच्या हातात चित्रांचं पुस्तक द्यायच्या. नंतर खोली मिळाली, लोकांनी वर्गणी काढली, आणि कुठून कुठून पुस्तकं जमली. मधमाश्यांचं, नद्यांचं, आकाशातल्या ग्रहांचं, गणितातल्या गमतींचं, शरीर आतून कसं चालतं त्याचं, शेतीच्या कायद्याचं, लांबच्या देशांतल्या प्रवासाचं, राक्षसांच्या गोष्टींचं. शाळेत जाणाऱ्याचं वेगळं आणि न जाणाऱ्याचं वेगळं असं त्यात काही नव्हतं. ज्याला प्रश्न पडतो त्याच्यासाठी पुस्तक, असं त्या म्हणायच्या.

सगळीकडं पुस्तक आठवड्यानं परत करायचा नियम असतो. पण आपण दिवाळीनंतर निघणार, ते पावसाच्या तोंडावर परत येणार. आपल्याला आठवड्याचा नियम कसा चालायचा? आबांनी दारातूनच विचारलं होतं, "बाई, आमाला पुस्तक भेटंल का? आमी तर गावात राहत न्हाई." सगुणाबाईंनी कमिटीला बसवून नियमच करून घेतला, की धनगरवस्तीला पुस्तक द्यायचं ते मेंढरं परत येईपर्यंत. आणि आणखी दोन नियम. एक असा, की पुस्तक परत करताना त्यातलं काहीतरी एक सगळ्यांना सांगायचं, वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून ऐकून घेऊन सांगायचं. दुसरा, वाचकाच्या हातात असलेलं पुस्तक कुणी बाद करायचं नाही. हा दुसरा नियम नीट लक्षात ठेव, पुढं त्याचं काम आहे.

युरियाच्या गोणीतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून आपण पुस्तकं न्यायचो, घोड्याच्या पाठीवर पिठाच्या डब्याशेजारी. पुस्तक निवडायची मायच. अक्षर येत नाही, पण हातात घेऊन पानं चाळायची आणि ठरवायची. नदीचं चित्र बघून तिनं ते जाडं पुस्तक उचललं, आठवतं? संध्याकाळी वाघरीचं जाळं लावून मेंढरं आत कोंडली, चूल पेटली, की तू चुलीच्या उजेडात मोठ्यानं वाचायचास आणि ती भाकरी थापत ऐकायची. नदी वळण का घेते, एका काठाची माती खाऊन दुसऱ्या काठाला कशी घालते. भाकरी करपली तरी तिला कळायचं नाही. पान कुठपर्यंत आलं ते तिला वाचता यायचं नाही, म्हणून तू थांबलास की ती लोकरीचा पुंजका त्या पानात ठेवायची. आणि परत आल्यावर वाचनालयात आबा उभे राहून म्हणाले होते, सूर्य बी एक चांदणीच हाय. लोक हसायला लागले तेव्हा म्हणाले, "मला बी पटलं न्हाई, पण पुस्तकात हाय." सगुणाबाईंनी त्यांना आणखी एक पुस्तक दिलं, पटेपर्यंत.

आता माझ्या रागाचं खरं कारण ऐक. तू नुसतं चुकीचं बोलला असतास तर मी सोडून दिलं असतं. तू खोटं बोललास. मुलाखत झाली त्या संध्याकाळी मुंबईहून मला फोन केला होतास, रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात ओरडून सांगत होतास, की त्यांनी गोदावरीचं विचारलं, पात्र का सरकतं, काठच्या गावांचं काय होतं, आणि मी बोलतच सुटलो, एक जण पेन खाली ठेवून ऐकत राहिला. तू म्हणालास, "अक्का, मायचं नदीचं पुस्तक कामाला आलं." हे तुझे शब्द आहेत. मग अंबडच्या मंडपात ते पुस्तक कुठं गेलं? मेंढराच्या वासाचं होतं म्हणून साहेबाला लाज वाटली? की चुलीपुढं बसून वाचलेलं यशाच्या गोष्टीत शोभत नाही? क्लासवाल्यांनी तुझ्या शेजारी उभं राहून फोटो काढले, त्यांना बरं वाटावं म्हणून तू आपल्या मायच्या चुलीवर पाणी ओतलंस. मला याचा फार संताप आला आहे आणि तो लपवून गोड लिहायची माझी इच्छा नाही.

आणि परीक्षेत येतं तेवढंच वाचायचं म्हणजे ज्यांना परीक्षाच नाही त्यांनी काय करायचं? माय कोणत्या परीक्षेला बसली होती? रामकिसन काकांची सून मीना सातव्या महिन्यात होती, शरीराचं ते पुस्तक पदराखाली घालून घरी न्यायची, कारण तिला विचारायला घरात कुणी नव्हतं. तिला कोणता पेपर द्यायचा होता? आणि पोरांचं म्हणशील, तर बारावीतली अर्पिता मला परवा म्हणाली, "मावशी, आता मनात काही आलं तर ते सिलॅबसमधलं हाय का आधी बघायचं का?" तिला मी काय उत्तर देऊ ते सांग, कारण तिनं हे तुझ्या फोटोखाली उभं राहून विचारलं.

तर मी काय केलं ते आता सांगते. टेम्पो सोमवारी येणार होता. रविवारी मी वाचनालय उघडलं आणि वस्तीवर निरोप धाडला, की निघायच्या आधी पुस्तकं घेऊन जा. सगळी वस्ती आली सुग्रीव. बाया आल्या, म्हातारे आले, पिठाच्या पिशव्या आणि गोण्या घेऊन आले. चतुराबाई आजीला दिसत नाही, तिनं नातवासाठी राक्षसांचं मागितलं आणि म्हणाली, "मोठ्या अक्षराचं दे, मला आयकू यील." आता मोठं अक्षर ऐकू कसं येतं ते तीच जाणे, पण मी दिलं. मीना मागच्या दारानं आली. मी प्रत्येक पुस्तक रीतसर नावावर चढवलं, सही नाही तर अंगठा घेतला, आणि परतीच्या रकान्यात लिहिलं, मेंढरं परत येईपर्यंत. उन्हं उतरली तेव्हा कपाटं रिकामी होती.

सोमवारी टेम्पो आला. रामकिसन काकांनी कपाटं उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. म्हणाले, "रेणू, पुस्तकं कुठं गेली?" मी म्हटलं, चरायला गेली. चिडले फार. मग मी त्यांना नियम वाचून दाखवला, त्यांच्याच वडिलांची सही आहे त्याच्यावर. वडिलांची सही त्यांनी बोटानं चाचपून पाहिली आणि टेम्पोवाल्याला परत जा म्हणून हात केला. पण प्रकरण मिटलेलं नाही. मला काढून टाकायचं बोलणं चाललं आहे, पुढच्या बैठकीत ठराव येईल. येऊ दे. अभ्यासिकेचं उद्घाटन तुझ्या हस्ते ठेवलंय, मेंढरं परत यायच्या वेळेला, तुझी सोय बघून. तू हो म्हणालास असं कळलं. मला नाही कळवलंस.

आता मायचं. व्हिडिओ तिला दाखवायचा नाही असं मी घरात सांगितलं होतं, पण वस्तीवरच्या पोरांना हौस. फोन तिच्या कानाला लावला. तिनं पुरं ऐकलं, मग पुन्हा लावायला सांगितलं. मला वाटलं, लेकाचं कौतुक ऐकतेय. फोन खाली ठेवल्यावर मला विचारलं, "एक पान बी वाचलं न्हाई म्हंतो त्यो. मंग इतकी सालं चुलीपाशी म्या ऐकलं ते काय व्हतं?" त्या दिवसापासून तिनं तुझं नाव काढलेलं नाही. हे पत्र मी वाचनालयासाठी लिहिलेलं नाही, त्याचं बघायला मी आहे. सोबत पार्सलात नदीचं पुस्तक पाठवते आहे. लोकरीचा पुंजका मायनं ठेवला तिथंच आहे, हलवू नकोस. पुस्तक तुझ्या नावावर चढवलंय, मेंढरं परत येईपर्यंत. ते पोस्टानं परत घेतलं जाणार नाही. उद्घाटनाला येशील तेव्हा स्वतः घेऊन ये, आणि रिबीन कापायच्या आधी नियमाप्रमाणे उभं राहून त्यातलं एक सांग. माय समोर बसलेली असेल. अंबडला बोललास तेवढ्याच मोठ्यानं सांग, तिला आता कमी ऐकू येतं.

आशीर्वाद आहेतच.

तुझीच, भांडून झालेली,
रेणू अक्का