टाकीच्या तोंडाशी

बारामती,
९ फेब्रुवारी २०२५

चि. राजेश्वरीस अनेक आशीर्वाद.

कळसला आईकडे सुखरूप असशील, असं धरून लिहितो. माझे गुडघे सोडले तर बरं आहे. परसातला शेवगा फुललाय. त्याच्याखाली बसलं की अंथुर्ण्याची शाळा आठवते. गुरुजी डोळे मिटून कविता म्हणायला लावायचे. एक शब्द गळाला की पुन्हा पहिल्या ओळीपासून. पन्नास वर्षं झाली, अजून एक ओळ विसरलो नाही.

नोकरीत मात्र मी पाठांतराची टिंगलच केली. तू डिग्री घेऊन सुरक्षा विभागात आलीस, तेव्हा सगळे नियम तुला कलमांसकट तोंडपाठ. सांडपाण्याच्या टाकीत माणूस उतरवायच्या आधी दर वेळी मीटरनं गॅस मोजायचा, हे तू सांगत होतीस आणि मी टाकीच्या तोंडाशी वाकून हुंगत होतो.

"तात्या, वर्गात शिकवलंय, नाकावर भरवसा ठेवायचा नाही. गॅस वाढला की वास यायचाच बंद होतो."

"तुझ्या वर्गात टाकी होती का गं?"

सगळे हसले. टाकीत उतरणारा भीमा तर पोट धरून. "बाई, तात्यांचं नाक म्हंजी मीटरच हाय! पंधरा वर्सं आमी ह्याच नाकावर उतरतोय."

मग तूही हसलीस. एक हुशार पोरगी आपल्या हाताखाली तयार होणार, म्हणून मी त्या दिवशी घरी गुणगुणत आलो. वर्गातलं कागदी, कामावरचं खरं, असं निरोप समारंभातही ठणकावून बोललो. हार भीमानंच घातला होता.

बघ, जे लिहायला कागद काढला ते राहिलं आणि शेवग्याचं, शाळेचं लिहीत बसलो.

मी निवृत्त झाल्यावरची ती नोव्हेंबरातली सकाळ. तुझा फोन. "तात्या, मीटर बंद पडलाय. दुसरा यायला दुपार होईल, वरून घाई चाललीय. काय करू?"

"वास येतोय?"

"मघाशी येत होता. आता नाही."

"मग झालं की. सोड भीमाला."

मघाशी येत होता, आता नाही. वर्गातला धडाच तू मला ऐकवत होतीस, पोरी. भीमा उतरला. वर आला तो दोरानं ओढून, जीव गेलेला.

नंतर तू दोनदा फोन केलास. मी उचलला नाही. तुला निलंबित केलं, चौकशीत तू माझं नावही घेतलं नाहीस आणि मी गप्प राहिलो.

काल भीमाच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं, कौसल्येनं चहा दिला. म्हणाली, "बाईंनी न मोजताच सोडलं म्हनत्यात. खरं हाय का, तात्या?"

मी सगळं सांगितलं. तिनं माझ्या हातातला कप काढून घेतला. निम्मा चहा तसाच होता.

उद्या पहिल्या गाडीनं चौकशी अधिकाऱ्यांकडे जातोय. जबाबाची नक्कल सोबत आहे. तू त्यातून सुटशील का, मला ठाऊक नाही. पुन्हा रुजू झालीस, तर नव्या पोरांना तुझ्या वर्गातलंच शिकव. फक्त टाकीच्या तोंडाशी उभं करून शिकव.

टाकीत उतरायच्या त्या दिवशीच्या परवान्यावर शेवटच्या चौकटीत तुझी सही आहे. माझी राहिली होती, ती इथे करतो.

परवानगी देणारा,
विजयसिंह