लांब्या, डावरा आणि ठकूकाकीचा कौल

२४ मे

डिशची छत्री एकदाची लागली! वानरांनी महिन्यापूर्वी मुरडून ठेवली होती. आज सेजलच्या नवऱ्याने छपरावर चढून ती सरळ केली. मी खालून ओरडत होते — आलं, गेलं, आलं, थांब! पडद्यावर पॅरिसची तांबडी माती दिसली आणि मी अंगणात उडीच मारली. सेजल, म्हणजे आमची आशाताई, लसीकरणाचं बोलायला आली होती. ती बघतच राहिली. सरकारी नर्सने असं उडायचं नसतं बहुतेक.

उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाडीत टेनिस बघणारी माणसं तीन. एक मी. दुसरे मोरूकाका, ज्यांच्या पडवीत मी भाड्याने राहते. त्यांनी उभं आयुष्य मुंबईच्या एका जिमखान्यात काढलं. तिथल्या मातीच्या कोर्टावर पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या. तिसरी त्यांची बायको, ठकूकाकी. नवरा गावी परतला तो टीव्ही आणि टेनिस घेऊनच परतला. काकी करणार काय? बसली शेजारी. आता तिला उठवून दाखवा!

खेळाडूंची खरी नावं इथे कुणी घेत नाही, जीभ वळत नाही. एक लांब्या, एक डावरा. गेली काही वर्षं पॅरिसचा कप या दोघांच्या बाहेर गेलेला नाही. काका लांब्याचे. काकी डावऱ्याची, आणि मीही.

रस्त्याच्या वळणावर रेंज आली आणि आईचा महाडहून फोन. "प्रियदर्शिनी, रविवारी तरी घरी ये." म्हटलं, फायनल झाली की येते. तिला वाटलं परीक्षा आहे.

२६ मे

दोघेही पहिली मॅच आरामात जिंकले. लांब्याची सर्व्हिस बघून काकी म्हणाली, नाचणी पाखडतोय. काका रुसून जेवणावरून उठले. कोलंबीचा वास आल्यावर परत बसले.

२९ मे

आज हसण्यावारी नेलेली गोष्ट भलतीच निघाली.

काकांची एक खोड आहे. पंचाच्या आधी ओरडतात — "भायेर!" निम्म्या वेळा चुकतात, पण इतक्या जोरात ओरडतात की पंचच चुकला असं वाटतं. आज माझ्या कोपराखाली रिमोट दाबला गेला आणि आवाज बंद झाला. पडद्यावर मोठी रॅली चाललेली. मी श्वास धरून बघतेय, आणि काका माझ्याकडे वळून विचारतात, "का गो शिस्टर, पाऊस आला काय तिकडं? खेल थांबला?"

मी रिमोट शोधला. आवाज लावला. ते पुन्हा खूश.

मॅच संपल्यावर टॉर्च घेऊन डोळे बघितले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा तर पांढरा फटक. म्हणजे हा माणूस कधीपासून टेनिस बघत नाहीच, ऐकतोय! काकीला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, ताटात मीठ कुठं वाढलंय ते चाचपतात तेव्हापासून माहीत आहे. बोललं की भांडण होतं, म्हणून बोलत नाही.

माझ्या उंबऱ्यावरचा पेशंट, आणि मी गावभर मोतीबिंदूची पत्रकं वाटत फिरतेय. शाब्बास माझी!

३० मे

डॉक्टर उपकेंद्रात आले होते. काकांना जवळजवळ ओढत नेलं. डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका, मोतीबिंदू आत फुटला तर डोळा कायमचा जाईल. महाडला १२ जूनला शिबिर आहे, माझ्याच यादीत त्यांचं नाव टाकलं.

काका बाहेर येऊन म्हणाले, नाव खोडा. त्यांच्याबरोबर कोर्टावर काम करणाऱ्या जानूचा डोळा असाच कापला होता, तो परत रेघ मारायला आलाच नाही. मी म्हटलं, ते जुनं झालं, आता अर्ध्या तासाचं काम आहे. तर म्हणतात, "मंग तुझा काप आधी!"

मी चिडले. तेही चिडले. घरापर्यंत आम्ही दोघं रस्त्याच्या दोन कडांनी चालत आलो, आणि मध्येच ते चिखलात पाय घालणार म्हणून मलाच हात धरावा लागला.

३१ मे

डावरा जिंकला. चिडवायला कुणी नाही. काका अबोला धरून आहेत.

२ जून

पैज लागली!

डोकं काकीचं. बोंबील साफ करता करता सहज बोलावं तसं बोलली, फायनलला हे दोघंच येणार. मग हळूच आपलं म्हणणं मांडलं. डावरा जिंकला तर काकांनी महाडला जाऊन डोळे करून घ्यायचे, तोंडातून एक शब्द न काढता.

काकांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "आन लांब्या जिंकला तर?"

"तर तुमी म्हनाल ते."

काकांनी मागून मागून काय मागावं! एक, डोळ्याचं नाव घरात कुणी काढायचं नाही. दुसरं, काकीने मुंबईला येऊन त्यांचं कोर्ट बघायचं. इतकी वर्षं नवरा तिथे राबला, पण ही बाई एकदाही तिकडे गेली नाही. दर वेळी एकच उत्तर — "तांबडं खळं काय बगायचं? माज्या दारात हाय." खरं कारण मला माहीत आहे. तिला बस लागते. पोलादपूरचं वळण आलं की काकी संपली.

तरीही "बरं" म्हणाली! हात बोंबलाचे होते म्हणून कोपराला कोपर लावून पैज पक्की.

५ जून

दोघेही फायनलमध्ये! आता सगळी वाडी भविष्य सांगायला लागली आहे. ज्यांनी आयुष्यात रॅकेट पाहिली नाही ते मला सेट सांगतात. सेजल म्हणते, लांब्याच जिंकणार, तो दिसायला चांगला आहे. तिच्या नवऱ्याला हे आवडलेलं नाही.

काकांचं भाकीत थाटात — ऊन पडलं तर माती सुकेल, चेंडू उसळेल, उंच माणसाला खांद्यावर मिळेल, चार सेट. काकीचं म्हणणं, डावऱ्याचा चेंडू समोरच्याच्या उलट्या हाताकडे पळतो, लांब्याला वाकता येत नाही, पाच सेट. मीही पाच म्हटलं. मनात मात्र धाकधूक. लांब्या फार चांगला खेळतोय मेला!

पहिल्यांदाच मॅचची भीती वाटतेय. एका चेंडूवर माणसाचा डोळा पणाला लावून बसलो आम्ही.

६ जून

काकी आज काळकाईला कौल लावून आली. प्रश्न मनात धरायचा. गुरव देवीच्या अंगाला दोन बाजूंना दोन कळ्या चिकटवतो — उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. उजवी पडली म्हणे, टपकन. चंदू गुरवाने वाडीभर सांगितलं, डावऱ्याला उजवा कौल!

आमच्या घरी असं देवाला विचारायची रीत नाही. आई-बाबा म्हणतात, स्वतःच्या बुद्धीला विचार. पण आज मी सेजलला दोनदा विचारलं — नक्की उजवीच ना गं?

७ जून, रविवार

काय मॅच!

टीव्ही अंगणात आणला होता. अख्खी वाडी घोंगड्या टाकून बसलेली. पहिला सेट लांब्या, दुसरा डावरा, तिसरा लांब्या, चौथा डावरा. काका मान खाली घालून ऐकत होते, तळहात गुडघ्यावर घासत. काकी प्रत्येक पॉइंटला डावऱ्याला शिव्या घालत होती, प्रेमाने. पाचवा सेट चार-चार. डावऱ्याने मारला, लांब्याने पळत जाऊन उचलला, चेंडू वर, वर —

आणि लाइट गेली. फणसाची फांदी तारेवर! आजच पडायची होती तिला!

वाडीत रेंज नाही. मी आणि सेजल रस्त्याच्या वळणापर्यंत धावलो. फोन वर धरला. गोल फिरतंय, फिरतंय, आणि निकाल आला. लांब्या.

सेजल खालीच बसली. म्हणाली, "शिस्टर, मी नाय सांगनार."

परतलो तर चंदू गुरव अंगणात उभा. आम्ही तोंड उघडायच्या आत तोच बोलला — जिंकला ना डावरा? आईचा उजवा कौल होता. सगळे आमच्याकडे बघतायत. काकांनी मान आमच्या दिशेला केलेली, ते पांढरे डोळे. देवीचा कौल खोटा पाडायचा, आणि या माणसाचा डोळाही घालवायचा?

मी म्हटलं, "हो. डावरा जिंकला."

अंगणात जो दंगा उसळला! काका एकटेच शांत. म्हणाले, चला, खेळ आहे, हारजीत व्हायचीच.

चुलीपाशी काकीच्या कानात खरं सांगितलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली. काही बोलली नाही. काकांच्या पानात बांगडा वाढला, काटे काढून.

८ जून

खोटं बोलणं सोपं, राखणं कठीण. आकाशवाणीवर बातमी येईल म्हणून काकीने रेडिओचे सेल काढून तांदळाच्या डब्यात पुरले. चंदू गुरवाला खरं कळलं तेव्हा तो घामाघूम झाला. पण सगळ्यात जास्त पहारा आता तोच देतोय. अंगणात कुणी टेनिसचं बोललं की जोरात खोकतो.

एसटीतून आलेल्या पेपरातलं खेळाचं पान सेजलने फाडून टाकलं. काकांना पेपर वाचता येत नाही, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

१० जून

रुग्णाची संमती म्हणजे काय, यावर मी स्वतः प्रशिक्षण घेतलंय. प्रमाणपत्रही आहे. झोप नीट नाही.

१२ जून

झालं ऑपरेशन! उजवा डोळा. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

सकाळी काका स्वतःहून पांढरी टोपी घालून तयार होते. जीपमध्ये काकी दोनदा ओकली. काका तिची पाठ चोळत होते. पेशंट कोण तेच कळेना. नाव पुकारल्यावर मात्र ते बाकावरून उठेनात. मी धरून आत नेलं, तर हळूच म्हणाले, "शिस्टर, भायेर ठकूपाशी बस."

बाहेर बाकावर मी काकीला म्हटलं, तुमच्या देवीचा कौल चुकला, पण काम झालं. ती माझ्याकडे बघतच राहिली, जशी मी दुधखुळी आहे.

"मी देवीला टेनिस इचारीन काय गो? मी इचारलं, ह्यांचा डोला बरा व्हईल काय."

मग इतके दिवस आम्ही कोणत्या कौलाची लाज राखत होतो! मला हसू आवरेना. आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं. बाजूच्या खुर्चीतल्या आजी म्हणाल्या, रडू नको, तुझे बाबा बरे होतील.

१३ जून

पट्टी काढली. काका बराच वेळ उघडझाप करत राहिले. काकी समोर, नवी साडी नेसून, जीव मुठीत धरून उभी. काकांनी तिच्या खांद्यावरून खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या मैदानात व्हॉलीबॉलसाठी चुना मारला होता.

"रेघ वाकडी हाय," काका म्हणाले.

काकी इतकी हसली की नर्सने बाहेर काढलं. मलाही.

मग तिला परत बोलावून तिचा चेहरा कितीतरी वेळ बघत बसले. मी बाहेरच थांबले.

२१ जून

काका सकाळीच माझ्या दारात. काळा चष्मा, हातात पिशवी. म्हणाले, डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलंय, भातलावणीच्या आधी मुंबईची दोन तिकिटं काढ. पैज मी जिंकलोय.

मी गार. कुणी सांगितलं तुम्हाला?

"सांगाय कशाला लागतं? ही जिंकली असती तर वाडीला निजू दिलं असतं काय? त्या राती बांगड्याचे काटे काढले, आन एक सबूद नाय."

मग गेलात कशाला ऑपरेशनला?

"हिला येवडी गप मी कदी ऐकली नाय, शिस्टर. भ्यालो."

काकी मागे उभी होती, सगळं ऐकत. मला वाटलं आता पुन्हा तेच तांबडं खळं काढेल. तिने फक्त विचारलं, बस लागू नये म्हणून तुझ्याकडे गोळी आहे का, आणि खिडकीची जागा मिळेल का.