उंच सूर आधी जातात

दादा,

समोर आलास तर भांडणच होईल, म्हणून लिहितेय.

वादकांच्या कानांवरच्या माझ्या संशोधनासाठी तुमचा अख्खा वाद्यवृंद तपासणीला आला. तू मात्र खुर्चीत बसलाच नाहीस. वर सगळ्यांदेखत म्हणालास, "हिला लहानपणापासून लोकांचे कान पिळायची हौस आहे!" सगळे खो खो हसले. आवाजापासून कान वाचवायला मी दिलेले प्लग तू टेबलावर टाकलेस. "कानात बोळे घालून ट्रम्पेट वाजवू होय?" तुझं बघून बाकीच्यांनीही आपापले प्लग गुपचूप परत ठेवले. माझी वर्षभराची मेहनत तू एका विनोदात उडवलीस.

मोठ्या आवाजाने आधी उंच सूर ऐकू येईनासे होतात, हे तुला किती वेळा सांगायचं?

काल तुझी लेक तुला व्हायोलिनवर नवीन रचना ऐकवत होती. तू नेहमीसारखे डोळे मिटले होतेस. शेवटचे उंच, नाजूक सूर सुरू झाले आणि तू टाळ्या वाजवल्यास. "छान! पण एकदम संपवलंस गं?"

ती अजून वाजवत होती, दादा.

तिने माझ्याकडे पाहिलं, हळूच गज खाली घेतला आणि म्हणाली, "हो बाबा, संपलं."

जिन्यात मी म्हटलं, "बाबांना सांगायला हवं." तर पोरीने माझा हात धरला. "नको ना आत्या. त्यांच्यासाठी मी खालच्या सुरातलं काहीतरी बसवते."

तिने शपथ घातलीय, त्यामुळे हे पत्र तुला देता येत नाही. कशी चिडचिड होतेय म्हणून सांगू! उद्या तुला हाताला धरून तपासणीला नेणार आहे. कारण विचारू नकोस.

तुझी,
धाकटी