जिथवर मुळं येतील, तिथवर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एक्क्याऐंशी, निवृत्त सरकारी मोजणीदार, स्वखुशीने लिहून ठेवतो की, कान गेले असले तरी अक्कल शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत आहे, थोरल्याची खात्री पटावी म्हणून.

कलम १. राहते घर पत्नीला, तिच्या पश्चात थोरल्या मुलाला. बँकेतली ठेव मुलीला. यावरून भांडू नये.

कलम २. माझी मोजणीची साखळी खेकडेवालीला द्यावी. तीस वर्षांपूर्वी मी खाडीकाठ मोजत असताना ती म्हणाली होती, "साहेब, आज भांगाची भरती, पाणी कमीच चढतं. पौर्णिमेच्या उधाणाला या, मग बघा." मी दीडशहाणा. खारफुटीची सगळी जागा 'कोरडी, पडीक' लिहून जेवायच्या वेळेला घरी आलो. पुढे त्याच नकाशावर बिल्डरने चौदा टॉवर बेतले. थोरला म्हणाला, "लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजताय, बाबा?" तरी मी कोर्टात उभा राहिलो आणि सांगितलं, "नकाशा माझा आहे, आणि तो चुकीचा आहे."

न्यायाधीशांनी विचारलं, "मोजणीच्या वेळी कुणी सांगितलं नाही का?"

"सांगितलं होतं. पण तेव्हा मी साहेब होतो."

फेरमोजणी पौर्णिमेला झाली. पाणी बिल्डरच्या इंजिनिअरच्या खुर्चीपर्यंत आलं आणि खुर्ची घेऊन गेलं. आम्ही जिंकलो. एक फांदीसुद्धा तुटली नाही. एवढा आनंद मला कशाचाच झाला नाही, लग्न धरून. पत्नीला हे माहीत आहे.

कलम ३. त्या इंजिनिअरचा चिखलात रुतलेला डावा बूट माझ्या कपाटात आहे. तो पॉलिश करून सन्मानाने परत करावा.

कलम ४. आता त्याच खारफुटीची झाडं, आमची तिवरं, परसाच्या टोकाशी शिरली आहेत. थोरला म्हणतो, "भिंत घालून घेऊ, नाहीतर घरात येतील." त्याने भिंत घातल्यास घर मुलीला जाईल. जन्मभर मी लोकांच्या हद्दी ठरवल्या. आमच्या परसाची मागची हद्द मात्र माझ्या नकाशावरून धरू नये. जिथवर मुळं येतील, तिथवर जागा त्यांची.

साक्षीदार: शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही), खेकडेवाली (अंगठा नव्हे, सही. तिने मुद्दाम लिहायला लावलं.)

लिहून देणार: मोजणीदार (सही)

दिनांक: पौर्णिमा, भर उधाणाची वेळ.

ठिकाण: घराचा मागचा ओटा, तिवरांपासून एकोणीस पावलं. गेल्या वर्षी तेवीस होती.