पुरुषार्थ शिबिराची भातलावणी

शिबिराचा बंगला, कोळवण
७ जुलै २०२५

ती. चांगुणाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आज जेवणाच्या डब्यावर तुझं नाव कोरलेलं दिसलं आणि रडू यायचंच बाकी राहिलं. या शिबिराला जेवण तू पुरवतेस हे अप्पांनी सांगितलं नव्हतं. मोबाईल दारातच काढून घेतलेत, भेटीगाठी बंद. म्हणून हे पत्र रिकाम्या डब्यातून पाठवतोय.

आमच्या वरच्या खोलीतला भाडेकरू रोहित आणि मी, आमचं एकमेकांवर प्रेम आहे. मे महिन्यात मी हे अप्पांना सांगितलं. त्यांनी रोहितला खोली खाली करायला लावली आणि मला म्हणाले, आठ दिवस शिबिर करून सुधारून ये, नाहीतर चांद्याच्या घराची पायरी चढू नकोस. आई गेल्यापासून आम्ही दोघंच गं. त्यांना सोडून राहणं मला जमणार नाही, म्हणून आलो.

शिबिर दोघे चालवतात. मुलाला मुलगा आवडणं हा नरहरी महाराजांच्या मते मागच्या जन्मीचा दोष. जयसिंग सर ‘माइंड कोच’ आहेत, त्यांच्या मते लहानपणी मैदानावर न खेळल्याचा परिणाम. मी जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळलोय म्हटल्यावर सरांनी वहीत काहीतरी खोडलं. अंगातली उष्णता उतरावी म्हणून महाराज कडुनिंबाचा काढा पाजतात, ती चढावी म्हणून सर चार अंडी चारतात. आम्ही सहा जण आहोत. सगळ्यांत थोरले शेखरराव, पंचेचाळिशीचे, बँकेत अधिकारी. त्यांना त्यांच्या आईने पाठवलंय.

वांग्यात तिखट वाढव. आणि रागावली नसशील तर दोन ओळी लिही.

तुझा,
अमोघ


कोळवण
९ जुलै

चि. अमोघ यास,
अनेक आशीर्वाद.

रागावले आहे, पण तुझ्या बापावर. मला म्हणाला व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर आहे, आणि मी खुळी रोज चाळीस भाकऱ्या थापत बसले! रोहितवर प्रेम आहे म्हणतोस, असू दे. पोरगा वेळेवर जेवतो का आणि आईला फोन करतो का, एवढं कळव. बाकीचं समजायला मला थोडे दिवस लागतील, पण समजेल.

आता गंमत ऐक. काल तुझे जयसिंग सर वावर मागायला आले. पोरांकडून अस्सल मर्दानी कष्ट करून घ्यायचेत, म्हणाले. माझी दोन एकर भातलावणी खोळंबलेली; बाया सगळ्या फार्महाऊसवर कामाला जातात. मी लगेच हो म्हटलं. आपल्या खोऱ्यात पुरुष औत फिरवून वावराची चिखलणी करतात, मग बांधावर जाऊन बसतात आणि लावणीला फक्त बायाच वाकतात, हे त्यांना ठाऊक नाही. मीही सांगितलं नाही. त्यांनी अनुभवी उस्ताद मागितला, मी सत्तरीची तुळजाबाई दिली.

पाठ सांभाळ.

तुझीच,
चांगुणाआत्या


शिबिराचा बंगला
१३ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पाठ गेली, पण तीन दिवस इतका हसलोय की काढाही गोड लागला. सर बांधावरून शिट्टी वाजवत होते. तुळजाबाईंनी त्यांना सुनावलं की शिट्टीनं रोप जगत न्हाई, हितं वाकावं लागतंय. सर वाकायला उतरले आणि बुटांसकट आडवे झाले. महाराजांनी हा त्यांच्या अहंकाराचा दोष सांगितला, आणि लगेच त्यांचा स्वतःचा पाय घसरला. शेखरराव मात्र तुळजाबाईंच्या सुरात सूर मिसळून अशी गाणी म्हणतात की त्या त्यांना पुढच्या सालासाठी बोलावून बसल्यात.

पण आत्या, उद्या समारोप. अप्पा येणार. सगळ्यांसमोर माईकवर सांगायचंय की मी बदललो. सांगितलं तर घर मिळेल. नाही सांगितलं तर अप्पा दुरावतील. रोहितला सोडण्याचा विचारसुद्धा करवत नाही, आणि अप्पांना फसवायला जीभ रेटत नाही. फार भीती वाटते गं.

माझ्यासाठी देवाजवळ दिवा लाव. वाटल्यास दोन लाव.

तुझा,
अमोघ


चांदे
१६ जुलै

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून लिहितो. आधी माफी मागतो. तुला खोटं सांगायला नको होतं.

समारोपाला आम्ही सगळे पालक गंभीर तोंडं करून बसलो होतो. जयसिंग सरांनी छाती फुगवून जाहीर केलं की आमच्या शिबिरातून खरे मर्द घडले, या मुलांनी दोन एकर भातलावणी केली. आम्ही बहुतेक शेतकरीच. मागून कुणीतरी विचारलं, मग चिखलणी काय बायकांनी केली व्हय? जो हशा पिकला, विचारू नकोस. मीही पोट धरून हसलो. समोर पाहिलं तर अमोघही हसत होता, अगदी त्याच्या आईसारखा. मेपासून तो माझ्यासमोर हसलाच नव्हता.

मग माईक त्याच्या हातात आला. म्हणाला, अप्पा, मी बदललो नाही, बदलणारही नाही, पण मला घरी यायचंय. सगळे माझ्याकडे बघायला लागले. महाराज म्हणाले अंड्यांनी घात केला, सर म्हणाले काढ्याने. त्यांचं तिथेच जुंपलं. मी उठलो, पोराची पिशवी उचलली आणि चल म्हटलं.

अक्का, मी चुकलो. लोक काय म्हणतील या भीतीने पोटच्या पोराच्या प्रेमाला विकार समजलो.

काल मी स्वतः रोहितला फोन लावला. तीनदा त्याने उचलला नाही. चौथ्यांदा उचलला. जेवलास का, असं विचारलं. पलीकडे तो रडायला लागला. मग मीही. शेवटी म्हटलं, ये. खोली रिकामीच आहे, पण तू खाली आमच्यात राहा.

राग ओसरला की भाकरी खायला बोलव, तिघांना.

तुझा धाकटा,
जयवंत