मिलिमीटरात लिहा

बाई, अळीनं कपाशी खाल्ली त्या वर्षी वलगावच्या शाळेत तुम्ही आम्हाला बारीक वस्तू मोजायला शिकवत होतात. सरकी, काडेपेटीतली काडी, कोणीतरी बोंडातून काढून आणलेली अळी. मी अळीला पट्टी लावून म्हटलं, "एक सेंटीमीटर अन् वरतं थोडंसं." तुम्ही चिडलात. "थोडंसं म्हंजे किती? लहान वस्तूले लहान एकक घे. मिलिमीटरात सांग."

तेवढ्यात तुमचा नवरा वर्गात शिरला. दारूचा भपकारा आला. "मले न इचारता माहेरी काहून गेलती?" म्हणत त्यानं तुमचा अंबाडा धरला, तुम्हाला फळ्यावर आपटलं, आणि टेबलावरची लोखंडी पट्टी उचलून तिच्या धारेनं मारत सुटला. पोरं किंचाळत बाहेर पळाली. मी का थांबले, माहीत नाही. त्याच्या मनगटाला चावले, आणि त्यानं भिंतीवर फेकेपर्यंत सोडलं नाही. मग हेडमास्तर धावत आले, शेजारच्या वर्गातले गुरुजी आले. दोघांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं.

चौकीत मी तुमच्यासोबत होते. जमादार म्हणाला, "जराशी तं जखम हाये, बाई. घरचं भांडण घरी मिटवा." तुमच्या कपाळाचं रक्त पदरात मावत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "जराशी हे माप नाही. दवाखान्यात चला. डॉक्टर मोजतीन ते मिलिमीटरात लिहा. खोली बी लिहा." डॉक्टरांनी खोली मोजायला जखमेत बारीक सळई घातली तेव्हा तुम्ही माझा हात आवळलात. घाव हाडाला लागला होता.

तो तुरुंगात गेला. तुम्ही बदली मागून अकोल्याला गेलात. सुटल्यावर त्यानं तुम्हाला तिथं गाठलं, भाजीबाजारात, भर दुपारी, विळ्यानं. मी तेव्हा कॉलेजात होते. तुम्ही जागीच गेलात, हे मी पेपरात वाचलं.

आता मी अकोल्यातच सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. मार खाल्लेल्या बाया येतात. सोबतचा माणूस म्हणतो, पडली. मी वाद घालत नाही. मोजते आणि लिहिते. आज सकाळी एका पोरीच्या कानामागे घाव होता, अरुंद पण खोल. तिचा नवरा दारात उभा राहून हसला. "एवढुशी तं हाये, मॅडम." मी लांबी लिहिली, रुंदी लिहिली, खोली लिहिली. मग उठले आणि त्याच्या कानाखाली अशी वाजवली की तो बाकावर कोसळला.

हे कुठं पाठवणार? पण तुम्हाला सांगायचं होतं. माझ्यामागे चौकशी लागेल. तुम्ही असता तर रागावला असता, तेही माहीत आहे. पण बाई, मला त्याला अजून एक मारायची होती.